अंगणातली पाऊसबाग : काळ्या मातीत एकदा फसलेली, मग जमलेली (बडोदे)

कोतरकाठ | ५ मे, रात्री ९:४०

पावसाळ्याला महिना-सव्वा महिना उरलाय. ज्यांना अंगणात खणायचं आहे त्यांनी आत्ताच, माती कोरडी असताना खणायला हवं, म्हणून धागा आज काढतेय.

आम्ही मांजलपूरला रो-हाउसमध्ये राहतो. गच्ची साधारण ९० चौरस मीटर. गच्चीचे दोन पाइप पुढच्या फरशीवर उतरतात. तिथून पाणी रस्त्यावर, रस्त्यावरून जाळीत, जाळीतून कांसात. (बाहेरगावच्यांसाठी : कांस म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला. रूपारेल, मासिया, भूखी असे जुने कांस बडोद्यातून वाहत विश्वामित्रीकडे जातात.) एक जोरदार सर आली की जाळी पालापाचोळ्याने भरते आणि आमच्या गल्लीत घोट्याच्या वर पाणी. आणि एप्रिल आला की हीच गल्ली टँकरच्या गोष्टी करते. हे मला वर्षानुवर्षं खुपत होतं.

पाऊसबाग म्हणजे अंगणातला उथळ, बशीसारखा खोलगट वाफा. गच्चीचं पाणी त्यात सोडायचं, ते एक-दोन दिवसांत जिरायला हवं, आणि वाफ्यात अशी झाडं लावायची की ज्यांना दोन दिवस पाण्यात उभं राहणंही चालतं आणि मेचं ऊनही सोसतं. तळं नव्हे. तळ्यात पाणी राहतं, इथे राहता कामा नये.

पहिला प्रयोग २०२४ चा, तो पूर्ण फसला. कसा फसला ते आधी सांगते, कारण बहुतेकांचा तिथेच फसेल.

मे महिन्यात दीड फूट खोल खड्डा घेतला. कुठेतरी वाचलं होतं की खड्ड्यात पाणी ओतून किती वेळात जिरतं ते बघा. बघितलं. एक बादली ओतली, गुडुप. दुसरी ओतली, तीही गुडुप. मी इतकी खूश झाले की त्याच संध्याकाळी नर्सरीतून जास्वंदी, डुरांटा आणि शोभेच्या गवताचा गालिचा घेऊन आले. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि खड्डा भरला तो पाच दिवस भरलेलाच. सहाव्या दिवशी जास्वंदीची पानं पिवळी पडून तरंगत होती, आणि मुळं उपटली तर कुजक्या बटाट्यासारखा वास. ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा नदीचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत होतं, खड्ड्याकडे बघायलाही कुणाला वेळ नव्हता. दिवाळीत मी तो बुजवून टाकला.

मेमध्ये गुडुप झालेलं पाणी मातीत जिरलंच नव्हतं. ते भेगांत गेलं होतं. काळी माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस लागला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि खाली जणू मातीचं घट्ट झाकण बसतं. मी उन्हाळ्यातल्या मातीची परीक्षा घेतली आणि पावसाळ्यातल्या मातीवर बाग लावली.

गेल्या वर्षी पुन्हा केलं, वेगळ्या पद्धतीने, आणि ती बाग एक अख्खं चोमासं (पावसाळा) नीट चालली. झाडांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, हे आधीच लांबलं.

---

पागोळी | ५ मे, रात्री १०:१५

वाचतेय. झाडांबद्दल नक्की लिहा. आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी पागोळ्यांखाली पराती आणि घंगाळं मांडून ठेवायची रीत होती, अंगणात आडही होता. आता त्या जागी पार्किंग आहे.

---

निवृत्त_पाटबंधारे | ६ मे, सकाळी ७:०५

ताई, फसलेली गोष्ट आधी सांगितलीत हे फार चांगलं केलंत. थोडं गणित जोडतो.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. तुमच्या ९० चौ.मी. गच्चीवर २५ मिलिमीटर पडला तर २२५० लिटर. थोडं गच्चीत मुरतं, थोडं उडतं, पाइपातून दोन हजार लिटर तरी येतं. ते थोपवायला १५ सेंटिमीटर खोलीचा वाफा साधारण १३ चौ.मी. हवा. खोली वाढवून जागा वाचवायचा मोह होतो, पण आपल्या मातीत तेच चुकतं. पसरट करा, खोल नको. दीड फुटांचा खड्डा रिकामा व्हायला मातीला तिप्पट वेळ लागतो.

जिरण्याची परीक्षा अशी घ्यावी. हातभर रुंद, ३० सेंटिमीटर खोल खड्डा. आदल्या दिवशी काठोकाठ भरा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, रिकामा होऊ द्या, तिसऱ्यांदा भरा. तिसऱ्या भरण्याला पट्टी लावून मोजा, तोच खरा आकडा. तासाला एक सेंटिमीटर उतरलं तर १५ सेंटिमीटर पाणी पंधरा तासांत जाईल, उत्तम. तासाला दोन मिलिमीटर उतरलं तर तीन दिवस लागतील, मग तळाशी भोकांचा पाइप घालून जादा पाण्याला वाट द्यावीच लागेल.

दुसरं : घराच्या पायापासून किमान तीन मीटर लांब, आणि काळ्या मातीत त्याहून जास्त मिळालं तर बरं. ही माती एका बाजूने ओली आणि दुसऱ्या बाजूने कोरडी राहिली की असमान फुगते आणि जोत्याला तडे जातात. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीपासूनही तेवढंच अंतर ठेवा. उतार घरापासून दूर जाणारा हवा. हे जमत नसेल तर पाऊसबाग करू नये, असं मी स्पष्टच सांगतो.

---

समा_सावली | ६ मे, दुपारी १:३०

माफ करा, पण मला हे वाचताना त्रास होतोय. २०२४ ला आमच्या घरात चार फूट पाणी होतं. फ्रिज, गाद्या, मुलीची दहावीची पुस्तकं, सगळं गेलं. तीन दिवस वीज नाही, वर गच्चीवर बसून होतो, खालच्या रस्त्यावर मगर दिसली म्हणून शेजारी ओरडत होते. अशा शहरात दोन झुडपं लावून काय होणार? नदी बागेला विचारून येते का?

---

कोतरकाठ | ६ मे, रात्री ८:५०

समा_सावली, तुमचं दुःख खरं आहे आणि प्रश्नही बरोबर आहे. नदीचा पूर पाऊसबाग थांबवत नाही. हे मी कुणालाही सांगणार नाही, आणि कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून येते. वरचा सगळा पाऊस, आजवा आणि प्रतापपुरा या सरोवरांचं पाणी, हे शहरात पोचायच्या आधीच ठरलेलं असतं. म्हणून तर पावसाळ्यात आपण सगळे सकाळी उठून आधी काळा घोड्याच्या पुलावर पातळी किती आणि आजवा किती फुटांवर एवढंच विचारतो. धोक्याची पातळी २६ फूट, २०२४ ला ती ३५ च्याही वर गेली. तिथे माझा बारा चौरस मीटरचा वाफा काहीच नाही.

पण वर्षातून एकदा किंवा दोन-तीन वर्षांतून एकदा नदी येते. गल्लीत पाणी मात्र दर पावसाळ्यात आठ-दहा वेळा तुंबतं, नदी दहा फुटांवर असतानाही. अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा भुयारी रस्ता) दर वर्षी भरतं. ते पाणी आपल्याच गच्च्यांचं, आपल्याच फरशांचं आहे. माझं म्हणणं त्या पाण्याबद्दल आहे.

---

निवृत्त_पाटबंधारे | ६ मे, रात्री ९:३५

आकडाच देतो, म्हणजे कुणाची दिशाभूल नको. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ९० चौ.मी. गच्चीवर ते झाले ४५ हजार लिटर. पाऊसबाग त्यातले दोन-तीन हजार घेईल. बाकी सगळं वाहणारच.

चीनने २०१५ मध्ये १६ शहरं निवडून 'स्पंज शहरं' करायचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला : पाणी मुरवणाऱ्या बागा, पाझरणारे रस्ते, पाणथळ जागा. झेंगझोऊ शहरानेही या कामावर मोठा खर्च केला होता. तिथे जुलै २०२१ मध्ये एका तासात २०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत माणसं बुडून मेली. म्हणजे स्पंजलाही मर्यादा असते.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे मोसमात साधारण नऊशे मिलिमीटर पडतो, त्यातला बराच पाऊस वीस-तीस मिलिमीटरच्या सरींनी येतो. अशा सरींचं पाणी चाळीस घरांच्या सोसायटीने आपल्या अंगणात धरलं तर ऐंशी हजार लिटर त्या तासात कांसात जात नाही. कांसाला लागणारा दम तिथे वाचतो. मी आयुष्यभर पाणी लवकरात लवकर बाहेर काढण्याचीच कामं केली. थोपवण्याचाही विचार तेव्हाच करायला हवा होता, असं आता वाटतं.

---

समा_सावली | ६ मे, रात्री १०:०२

असं सरळ सांगितलंत ते बरं वाटलं. मग वाचते पुढे.

---

कोतरकाठ | ७ मे, सकाळी ११:२०

आता दुसऱ्या प्रयोगाबद्दल आणि झाडांबद्दल.

आमच्या अंगणात तिसऱ्या भरण्याला चार तासांत एक सेंटिमीटर उतरलं. म्हणजे १५ सेंटिमीटरला साठ तास. थोडं जास्तच. म्हणून १२ चौ.मी. जागेतली दोन फूट माती काढली. त्यातली निम्मी परत वापरली नाही, बागेच्या खालच्या अंगाला तिचा वीतभर उंच बांध घातला. उरलेल्या जागी निम्म्याहून जास्त भरड वाळू, मग कुजलेलं शेणखत आणि थोडी आपलीच माती असं मिसळून भरलं. काळ्या मातीत मूठ-दोन मूठ वाळू मिसळण्याचा उपयोग नाही, ती विटेसारखी घट्ट होते. घालायची तर भरपूर. तळाशी भोकांचा चार इंची पाइप, भोवती खडी, आणि त्याचं तोंड सोसायटीच्या गटाराच्या जाळीकडे काढलं. गच्चीचा पाइप जिथे पडतो तिथे नदीतले गोटे रचले, नाहीतर धारेने खड्डा पडतो. समोरच्या बांधाला वीतभर रुंदीची खाच ठेवली, जास्तीचं पाणी तिथूनच रस्त्यावर जातं, घराकडे नाही.

खणताना एक गोष्ट मजुराने शिकवली. ओल्या काळ्या मातीवर फावड्याची पाठ फिरली की भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते आणि मग तिच्यातून थेंबही जात नाही. त्याने पंजाने चारी बाजू ओरखडून घेतल्या. हे मला कुठल्या लेखात सापडलं नव्हतं.

झाडं कोणती हे मात्र मी नर्सरीत विचारलं नाही. आमच्या मागे थोड्या अंतरावर कोतर आहे. (कोतर म्हणजे नदीकाठच्या घळी.) पूर ओसरल्यावर दोन आठवड्यांनी मी तिथे गेले होते. वर सगळीकडे गाळाचा पापुद्रा वाळून कुरळा झालेला, आणि त्यातून काय उभं आहे ते बघितलं. वाळा उभा होता. दर्भ उभा होता. निर्गुडी आडवी झाली होती पण खोडाला नवे फुटवे होते. अडुळसा वरच्या अंगाला, जिथे पाणी थोडाच वेळ थांबलं असेल. खाली ओलीत माका आणि ब्राह्मी पसरलेली. मला तीच यादी मिळाली.

म्हणून बशीच्या मध्यात वाळा. त्याची मुळं सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंत, आणि काळ्या मातीत पाण्याला वाट करून देतात. गालिच्याच्या गवताची मुळं चार बोटं खाली जातात, ती काय वाट करणार. वाळ्याभोवती तळाला ब्राह्मी. माका मी लावलाच नाही, तो आपणहून आला. उतारावर दर्भ आणि मारवेल गवत, आणि पावसाळ्यात रंग हवा म्हणून तेरडा. काठावर अडुळसा, शतावरी आणि एक निर्गुडी. गुजरातीत विचाराल तर अरडूसी, शतावरी, नगोड. नर्सरीवाल्यांना ही नावं लगेच कळतात.

गेल्या पावसाळ्यात मी वहीत लिहून ठेवलं. पहिल्या मोठ्या पावसाला पाणी दोन दिवस राहिलं. सप्टेंबरपर्यंत तेवढंच पाणी दीड दिवसात जायला लागलं. मुळांमुळेच असावं, असं मला वाटतं.

---

फत्तेगंज_खिडकी | ७ मे, दुपारी ४:१०

डासांचं काय? आमच्याकडे दर वर्षी डेंग्यूचे पेशंट असतात. सोसायटीच्या प्रमुखांना सांगितलं तर पहिला प्रश्न हाच येणार.

---

वैद्य_अंगण | ७ मे, संध्याकाळी ६:४५

डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत उबदार हवेत आठवडाभर तरी लागतो. दोन दिवसांत रिकामी होणारी पाऊसबाग त्याला पुरत नाही. पाणी तीन दिवसांच्या वर राहिलं तर मात्र ती बाग दुरुस्तच करायला हवी, त्यात माया नको. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या बशा, गच्चीवरचे टायर, झाकण नसलेल्या टाक्या, कूलर यांत होतो. प्रमुखांना घेऊन आधी त्या बशा ओता.

ब्राह्मी आणि माका तुम्ही तळाला लावलेत म्हणून एक सांगतो : त्या वाफ्यातली वनस्पती औषधाला किंवा चटणीला वापरू नका. गच्चीवरची धूळ, कबुतरांची विष्ठा, सगळं तिथेच येऊन थांबतं. औषधाची ब्राह्मी वेगळ्या कुंडीत लावा. आणि घरात लहान मुलं असतील तर कळलावी नको, फूल कितीही सुंदर असलं तरी. कंदापासून पानापर्यंत सगळी विषारी आहे.

---

पागोळी | ७ मे, रात्री ९:००

कर्दळ चालेल का? माझ्याकडे भरपूर आहे, पाण्यात छान वाढते.

---

कोतरकाठ | ७ मे, रात्री ९:२५

पागोळीताई, चालते, जगते, पाणीही पिते. कर्दळ मूळची अमेरिकेतली, पण आपल्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिला उपटा असं मी म्हणणार नाही. माझा आग्रह इथल्या झाडांचा आहे कारण त्यांच्यावर इथली फुलपाखरं, मधमाशा, किडे जगतात. गेल्या पावसाळ्यात निर्गुडीच्या निळ्या तुऱ्यांवर सकाळी इतक्या मधमाशा असायच्या की मी चहा घेऊन तिथेच बसायचे.

पण दोन गोष्टींना ठाम नाही. घाणेरी आणि कोनोकार्पस. घाणेरी एकदा आली की कोतरभर होते. कोनोकार्पस आमच्या कुंपणालाही होता, बिल्डरने लावलेला. मुळं गटाराच्या पाइपात शिरली होती. २०२३ मध्ये गुजरातच्या वनखात्याने त्याच्या लागवडीवर बंदी घातली तेव्हा कुठे सोसायटीने ते काढायला होकार दिला. आणि गाजरगवत दिसेल तेव्हा फुलायच्या आधी, हातमोजे घालून उपटायचं. पहिली दोन वर्षं निंदणी करावीच लागते, ते टळत नाही.

---

गोत्री_२१ | ८ मे, सकाळी ८:३०

आमच्याकडे परकोलेशन वेल आहे. मग हे वेगळं कशाला?

---

निवृत्त_पाटबंधारे | ८ मे, सकाळी ९:१५

परकोलेशन वेल काळ्या मातीचा थर भेदून खालच्या वाळूच्या थरात पाणी सोडते. तो फायदा बागेत नाही. पण विहिरीत गढूळ पाणी गेलं की तीन-चार वर्षांत तळ गाळाने बसतो आणि मग ती नुसती खोल टाकी होते. उत्तम जोड अशी : पाणी आधी पाऊसबागेत, गाळ तिथे बसेल, आणि बागेच्या तळातल्या पाइपाचं निवळ पाणी वेलमध्ये. गटारात सोडण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. पार्किंगचं, गाड्या धुतल्याचं साबणाचं आणि तेलाचं पाणी मात्र यात अजिबात आणू नका, आणि बोअरमध्ये वरचं पाणी थेट कधीही नको.

---

समा_सावली | ८ मे, रात्री ९:५०

आमच्या अंगणात कंपाउंडच्या भिंतीलगत जागा आहे, घरापासून साडेचार मीटर. सासूबाई म्हणतात गवत वाढलं की साप येतील, आणि मगरीची भीती तर आहेच.

---

कोतरकाठ | ८ मे, रात्री १०:२०

मगर दोन दिवसांच्या वीतभर पाण्यासाठी येत नाही. ती पुराबरोबर येते, नदी काठ सोडते तेव्हा. तशी कुठे दिसली तर जवळ न जाता वनखात्याला कळवायचं, हे आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत आहे. सापांसाठी सासूबाईंचं ऐका. दार आणि वाफा यांच्यात दोन मीटर मोकळी फरशी ठेवा, वाळा वर्षातून दोनदा गुडघ्याएवढा छाटा, विटा आणि लाकडं तिथे रचून ठेवू नका. साडेचार मीटर अंतर छान आहे. परीक्षा आधी घ्या, तिसऱ्या भरण्याची.

---

समा_सावली | १२ मे, दुपारी १२:४०

तिसऱ्या भरण्याला दोन तासांत सेंटिमीटरभर उतरलं. मुलगी पट्टी घेऊन बसली होती.

---

निवृत्त_पाटबंधारे | १२ मे, दुपारी २:०५

म्हणजे १५ सेंटिमीटरला तीस तास. चांगलं आहे. पाइप न घालताही चालेल, पण खाच नक्की ठेवा. पाऊस लागायच्या आत खणून भरून घ्या, पहिल्या पावसानंतर त्या मातीवर कुणाला चालूही देऊ नका.

---

समा_सावली | २८ जून, सकाळी ७:१५

काल रात्रीपासून सलग पाऊस आहे. सहा वाजता टॉर्च घेऊन बाहेर गेले. पाइपाचं पाणी गोट्यांवर पडून पसरतंय, वाफा अर्धा भरलाय, खाचेतून अजून काही गेलेलं नाही. रस्त्यावर शेजारच्या घरांचं पाणी वाहतंय, आमच्या फाटकातून येत नाहीये. सासूबाई छत्री घेऊन उभ्या होत्या, म्हणाल्या, हे उद्या सकाळी बघू गेलंय का.

कोतरकाठ ताई, वाळ्याची दहा-बारा ठोंबं कमी पडली, मधे जागा रिकामी दिसतेय. तुमच्याकडे मिळतील का?

---

कोतरकाठ | २८ जून, सकाळी ७:४०

मिळतील, हीच वेळ आहे लावायची. रविवारी सकाळी काढून ठेवते. दोन-तीन फुटव्यांचं एक ठोंब, पानं वीतभर ठेवून छाटलेली, मुळं ओल्या गोणपाटात. एकमेकांपासून वीतभर अंतरावर लावा. पाऊस उघडला तर तुमच्या समा भागापर्यंत ती द्यायला मीच येईन, मला तुमची खाच बघायची आहे.

---

पागोळी | २८ जून, सकाळी ८:०५

रविवारी दांडिया बाजारावरून जाणार असाल तर चार ठोंबं मलाही. कुंडीत लावेन आधी, पार्किंगच्या कोपऱ्यातल्या दोन फरश्या काढायला प्रमुख तयार झालेत.

---

समा_सावली | २९ जून, दुपारी १२:३०

पाऊस काल सकाळी नऊला थांबला होता. आत्ता बघितलं. तळाला ओल आहे, पाणी नाही.